कोणती विहीर?

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही, मला पहिल्यापासून ठाऊक आहे. दूधवाल्याने हसून रामराम केला तर मी दुधात बोट बुडवून पाहतो. आमच्या कुळगावात असा मी एकटाच नव्हतो म्हणा. परका माणूस वही-पेन घेऊन बांधावर दिसला की सगळा गाव गरीब व्हायचा. म्हशी आटायच्या, भाताला रोग पडायचा, ताठ चालणारे म्हातारे लंगडायला लागायचे. तलाठी गेला की सगळं पुन्हा जागच्या जागी.

ही गोष्ट एकावन्न सालातली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. अंबरनाथला रंगाचा एक कारखाना होता, आता तो राहिला नाही, तिथे मी स्टोअरमध्ये डबे उचलत होतो. मराठी फायनल पास होतो, हिशेब चोख होता, अक्षर वळणदार होतं. स्टोअरचा कारकून म्हातारा झाला होता आणि दिवाळीच्या सुमाराला त्याची जागा रिकामी होणार होती. ती जागा मला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून मला झोप लागत नव्हती. डबे उचलून माझी पाठ पंचविशीच्या आत बोलायला लागली होती आणि स्टोअरच्या कारकुनाला बसायला खुर्ची होती.

अडचण एकच होती, इंग्रजी. स्टोअरमध्ये माल द्यायचा-घ्यायचा तो इंग्रजी चिठ्ठीवर. एकदा कारकून रजेवर असताना मी चिठ्ठी लिहिली, तर हेडक्लार्क साहेब ती हातात धरून हसत बसले. "महिपती, अरे शब्द सगळे आहेत, पण नुसते सांडलेत. ए नाही, द नाही. एक पिंप पाहिजे की ते कालचं पिंप पाहिजे, कळायचं कसं?"

मराठीत अशी भानगड नाही. पिंप म्हटलं की पिंप. पण साहेब हसले तरी वाईट नव्हते. म्हणाले, "निर्वासितांच्या कॅम्पात टहिलराम मास्तर राहतात. सोमवारी-गुरुवारी येऊन आपली पत्रं लिहितात ना, तेच. सिंधमध्ये हायस्कुलावर होते. त्यांच्याकडे शीक. दिवाळीपर्यंत ते म्हणाले की हा तयार झाला, तर बघू."

म्हणजे माझी खुर्ची टहिलराम मास्तरांच्या जिभेवर ठेवलेली होती.

शनिवारी दोनला कारखाना सुटला की मी पायी कॅम्प नंबर चारला जायचो. लढाईच्या वेळी शिपायांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, आणि एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून दहा-दहा कुटुंबं. मास्तर एकटेच होते. पन्नाशी उलटलेली, पांढरा लेंगा, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. एक खाट, एक पत्र्याची पेटी, एक पाण्याचं मडकं. मी गेलो की आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे करायचे. ती त्यांच्यातली रीत. मी पहिल्या दिवशी पापड हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा करून पाहिला होता.

"साईं, फीस नको," ते म्हणाले. "माझ्याकडे वेळ खूप आहे, पुट. मुलगा समझून शिकवीन."

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकट कोण शिकवतो? सख्खा मामासुद्धा फुकट बैल देत नाही. मी माठाच्या भाजीच्या दोन जुड्या नेल्या, तर त्यांनी त्या घेतल्या आणि बदल्यात पापडाचं पुडकं बांधून दिलं. म्हणजे काहीच अंगावर ठेवून घ्यायला तयार नाही. असा माणूस मोठा हात मारणार, हे मी ओळखून होतो.

त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. पुस्तक नाही, पाठांतर नाही. "दर हफ्ता दहा वाक्यं लिही. घरचं लिही. पुस्तकातला राजा, पुस्तकातला वाघ, तो कुणाचाच नसतो. आपल्या वस्तूचं लिहिलं की माणसाला आपोआप समजतं, कुठली वस्तू नवी सांगतोय आणि कुठली सांगून झालीय. पहिल्यांदा माझ्यासमोर आणलीस तर ए. मग ती तुझी-माझी दोघांच्या ओळखीची झाली. मग द."

मी पहिल्या आठवड्यात लिहिलं, आम्हाला विहीर आहे, शेत आहे, म्हैस आहे, आणि सगळ्यांना द लावून टाकला. वही त्यांनी ठेवून घेतली आणि दुसरी दिली. अशी आठवड्याला वह्यांची अदलाबदल. पुढच्या शनिवारी पहिली वही परत मिळाली ती तांबड्या शाईने भरलेली. मी घरी येऊन ओटीवर बसून वाचायला लागलो. जिथे जिथे मी द लावला होता तिथे तिथे समासात प्रश्न. कोणती विहीर? कुठे आहे? कोणतं शेत, नदीकडचं की दुसरं? शेतं किती? म्हैस कुणाची?

मी वही मिटून टाकली.

का ते सांगतो. माझ्या मामाची जमीन लढाईच्या वर्षांत सरकारने छावणीसाठी घेतली. घेण्याच्या आधी सहा महिने एक गोड बोलणारा बाबू वही घेऊन आला होता. तोही असंच विचारायचा. विहिरी किती, आंबे किती, नदीकडचा तुकडा कुणाचा. मामाने मोठ्या अभिमानाने सगळं दाखवलं, वर ताकही पाजलं. पुढे मामाच्या आंब्याखाली लष्करी मोटारी उभ्या राहिल्या. आणि आता सिंधमधून इतकी माणसं आली होती, बराकी पुरत नव्हत्या, आणखी जमीन लागणार असं जो तो बोलत होता. मला कोडं सुटल्यासारखं झालं. फुकट शिकवणीचं कारण हे.

मी वही बाबांना वाचून दाखवली. माझे बाबा, बाळाजी, अडाणी पण पक्के. आमच्याकडे खळ्यावर भाताची रास मोजतात तेव्हा पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि मापं संपेपर्यंत परक्यासमोर कुणी तोंड उघडत नाही. बाबा तर घरच्यांसमोरही उघडत नसत.

"इहीर लिवलीस?" त्यांनी विचारलं.

"लिवली."

"मंग बुजव. लिवून घेनाऱ्याला खरं सांगनारा मानूस मी आजवर सुखी झालेला बगला नाय."

शिकवणी सोडावी तर खुर्ची गेली. चालू ठेवावी तर जमीन गेली. मी मधला रस्ता काढला. पुढच्या आठवड्यात लिहिलं, ती विहीर ढासळली. आता आम्ही नदीचं पाणी पितो. त्याच्या पुढच्या आठवड्यात नदीकडचं शेत उल्हासच्या पुरात वाहून गेलं. मग म्हशीला साप चावला.

म्हैस मेली त्या दिवशी माझी बायको अंजनी माझ्यावर उखडली. "जित्या जनावराला असं मारू नये. धा शेर दूध देते ती. काय वाकडं केलंय तिनं तुमचं?" मी म्हटलं, कागदावर मेली, गोठ्यात जिवंत आहे. ती म्हणाली, "कागदच खरा व्हायला लागला तर?"

पण एक गंमत मला कबूल केली पाहिजे. खोटं लिहायला लागल्यापासून माझी उपपदं बिनचूक यायला लागली. खरं लिहिताना डोळ्यांसमोर सगळं ढिगाने यायचं. खोटं लिहिताना सावकाश विचार करावा लागे. आधी काय सांगितलं, आता काय सांगतोय, मास्तरांना कोणतं माहीत झालंय, कोणतं अजून नाही. तांबडी शाई कमी होत गेली. प्रश्नांच्या जागी मास्तर इंग्रजीत लिहायचे, वाईट झालं, देव बघतो आहे. मी मनात म्हणायचो, पट्ठ्या अजून नाटक सोडत नाही.

आश्विनात एके शनिवारी मास्तर पाणी आणायला नळावर गेले होते आणि पत्र्याची पेटी उघडी होती. मी डोकावलो. माझ्या वहीवर एक मोठा कागद होता आणि त्या कागदावर नकाशा. एक घर, घरामागे विहीर, पलीकडे शेताचे बांध, एक वाकडी रेघ म्हणजे नदी असावी. बाजूला उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या त्यांच्या उलट्या लिपीत बारीक बारीक मजकूर. घर, विहीर, नदी, सगळं तसंच! मास्तर मडकं घेऊन आत आले तेव्हा मी शहाण्यासारखा पापड खात बसलो होतो.

त्या आठवड्यात मी घर पाडलं. भिंत कोसळली, आई-बाप आंब्याखाली राहतात, रात्रीची थंडी वाजते. दहाच्या दहा वाक्यं. एकही चूक नाही.

दिवाळीच्या आदल्या रविवारची सकाळ. मी गोठ्यात होतो. बाबा ओरडले, "आला रं, मोजाय आला!" बाहेर येऊन पाहतो तर बांधावरून टहिलराम मास्तर येत होते. पाठीवर मोठं गाठोडं, चष्मा घसरलेला, पायांना पांढरी धूळ. कॅम्पापासून इथवर चालत आले असणार. बाबा काठी टेकत पुढे झाले आणि त्यांनी विचारण्याआधीच सांगून टाकलं, "आमचं कायबी नाय. घर दुसऱ्याचं, म्हस दुसऱ्याची, मी पन दुसऱ्याकडंच असतो."

मास्तरांनी त्यांना हात जोडले आणि गाठोडं ओटीवर उतरवलं. त्यात दोन घोंगड्या होत्या आणि जुन्या लष्करी तंबूचं जाड कापड. "बराकीतल्या लोकांनी दिलं," ते मला म्हणाले. "आंब्याखाली बांधून घे. आम्ही पण असे राहिलो आहे, पुट, मला माहीत आहे थंडी काय असते."

ते आमच्या धड उभ्या असलेल्या भिंतीकडे पाहत होते. त्यांना वाटलं असावं, हे शेजाऱ्याचं घर. तेवढ्यात अंजनी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली. मास्तर घटाघटा प्यायले.

"पाणी मीठा आहे. नदीचं?"

अंजनीने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला थांबवायला मी मान हलवली, ती तिने बघितली, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "आमच्याच विहिरीचं. ही काय मागं. भरलेली हाय."

मास्तर घरामागे गेले. विहीर पाहिली. रहाट पाहिला. पलीकडे नदीपर्यंत पिवळं झालेलं भात उभं होतं. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. ते सगळ्याकडे सावकाश पाहत राहिले, आणि मला तेव्हाही वाटत होतं की हा आता खिशातून टेप काढणार.

"तुम्ही आमच्या जमिनीचा नकाशा काढलाय," मी म्हटलं. लाज झाकायला माणूस आधी अंगावर जातो. "मी पेटीत पाहिलाय."

"नकाशा?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी कुडत्याच्या आतल्या खिशातून घडी घातलेला तोच कागद काढला. "ते माझं घर आहे. तिकडचं. सरकारनं सांगितलं, भरपाईसाठी मागे काय काय राहिलं ते लिहून द्या. उद्या ऑफिसात द्यायचं म्हणून जवळ ठेवलं. हे बघ, दोन खोल्या. बराकीतले म्हणतात, मास्तर, चार लिहा, कोण तपासायला जाणार आहे? मी दोन लिहिल्या. दोनच होत्या."

ते कागदाची घडी करू लागले. ती नीट होईना. मग म्हणाले, "मी तुझ्यासाठी खबर आणली होती. काल संध्याकाळी हेडक्लार्क साहेबांच्या घरी जाऊन तुझी वही दाखवली. इंग्रजी पसंत पडलं. पण ते बोलले, ह्याचं घर नाही, जमीन नाही, स्टोअरची चावी अशा माणसाला कशी देऊ? मी बोललो, साहेब, हा मुलगा आपलं दुःख जसं आहे तसं लिहितो. एक अक्षर खोटं नाही. माझी जबान घ्या. त्यांनी घेतली. उद्यापासून जागा तुझी."

एवढं बोलून ते निघाले. घोंगड्या परत न्या म्हटलं तर म्हणाले, दिलेली वस्तू परत नेत नाहीत. ते वळणापलीकडे गेल्यावर अंजनी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मला स्वतःची किळस आली, हे खरं आहे. पण त्याहून जास्त मला भीती वाटली. खुर्ची हातात आलेली होती आणि आता मास्तरांना सगळं कळलं होतं. उद्या सोमवार. सोमवारी मास्तर पत्रं लिहायला कारखान्यात येतात. त्यांच्या जागी मी असतो तर पहिलं काम काय केलं असतं? सरळ साहेबांकडे जाऊन त्या खोटारड्याचा पाणउतारा केला असता. मग मास्तर का करणार नाहीत?

सोमवारी सकाळी साहेबांनी मला बोलावलं तेव्हा मास्तर कोपऱ्यातल्या टेबलावर आधीच येऊन बसले होते. पत्र लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. झालं, मी म्हटलं, सांगून मोकळा झालाय. साहेबांनी एक छापील फॉर्म पुढे केला. नाव, गाव, कायमचा पत्ता, घर, जमीन, विहीर. "स्वतःच्या हाताने भर. इंग्रजीत," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा मला गंभीर वाटला. मला वाटलं, हा सापळा आहे. ह्यांना सगळं ठाऊक आहे, आता बघतायत की मी पुन्हा खोटं लिहितो का.

म्हणून मी खरं लिहिलं. लोकांना मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आलो की त्या दिवशी माझ्यातला खरा माणूस जागा झाला. तसं काही नव्हतं. समोर बसलेल्या माणसाने माझी चुगली केली आहे या संशयापोटी मी खरं लिहिलं. घर, आमचंच, धड. विहीर, एक, पाणी भरपूर. शेत, नदीकडचं. म्हैस, जिवंत.

साहेबांनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. मग टेबलावरची माझी वही उघडली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या तोंडावरचं आश्चर्य पाहिलं आणि मला उमगलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मास्तरांनी एक शब्दही सांगितला नव्हता.

"हे काय?" साहेबांनी विचारलं. "ह्यात घर पडलंय, ह्यात उभं आहे. महिपती, यातलं खोटं कोणतं?"

मास्तर खुर्चीवरून उठले. चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला.

"वही खोटी आहे साहेब," ते म्हणाले. "वाक्यं मी सांगितली. त्याने फक्त लिहिली. अभ्यासासाठी."

"पण परवा तुम्ही मला म्हणालात की हे एक अक्षर खोटं नाही. तुमची जबान दिलीत."

"दिली. मी खोटं बोललो. मुलाला नोकरी लागावी म्हणून."

साहेबांनी वही मिटून बाजूला सारली. मग मला म्हणाले, "तुझी चूक नाही. घरदार आहे हे तर चांगलंच झालं. इथे सही कर." मी सही केली. तोंड उघडलं नाही. मास्तर आपल्या जागेवर बसून अर्धवट राहिलेलं पत्र पुरं करायला लागले.

खुर्ची मिळाली. स्टोअरची खिडकी ऑफिसच्या समोरच होती. तोवर मास्तर पत्रं लिहायचे, पाकिटात घालायचे, चिकटवायचे आणि साहेब न वाचता सही करायचे. त्या सोमवारनंतर साहेब प्रत्येक पत्र मागून घ्यायला लागले. ओळीखाली बोट धरून वाचायचे, आकडा आला की फाईल काढून ताडून बघायचे, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. तेवढा वेळ टहिलराम मास्तर टेबलापुढे हात बांधून उभे असायचे. हे मी सोमवारी आणि गुरुवारी, चार महिने, खुर्चीवर बसून पाहिलं. पाचव्या महिन्यात त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. मधली दहा पावलं चालून जावं आणि साहेबांना खरं काय ते सांगावं, एवढंच करायचं होतं. मी ते केलं नाही.